काट्याआधीचं दूध

पोर पास झालं की आमच्या गावच्या बायांची तोंडं उतरायची. हे उलटं वाटेल, म्हणून आधी काट्याचं सांगते.

श्रीरामपूरहून एस.टी.नं दीड तासावर आमचं गाव. यजमान तिथं शाळेत मास्तर. मी नगरच्या कॉलेजातून बी.ए. झालेले, म्हणून एकाहत्तर साली कॅथलिक मिशनच्या संस्थेनं मला पोरांच्या वजनाची कार्डं लिहायला घेतलं. महिन्यातून एकदा सिस्टर रोझलिन जीपनं यायच्या. चावडीपुढच्या लिंबाला काटा टांगायचा, त्याच्या आकड्याला कापडी झोळी, झोळीत पोर. पहिल्या दिवशी पाटलाकडच्या बाया म्हणाल्या, बौद्धवाड्यातली पोरं ज्या झोळीत बसली तीत आमची बसायची नाहीत. सिस्टर वसईच्या, बोलायला मऊ, पण तेव्हा म्हणाल्या, "झोळी एकच आहे. नको असेल त्यांनी घरी जावं." कुणीही घरी गेलं नाही. जे आजवर कुणाला जमलं नव्हतं, ते दुधाच्या पावडरीनं एका सकाळीत करून दाखवलं.

प्रत्येक कार्डावर एक तांबडी रेघ छापलेली होती. वयाच्या मानानं वजन रेघेखाली असलं तर पोराला महिन्याची दूधपावडर आणि तेल. ओळीनं तीन महिने वर राहिलं तर पोर सुधारलं असं धरायचं, त्याचं नाव कमी करायचं आणि एकदा कमी केलेलं नाव पुन्हा घ्यायचं नाही. बाया त्याला 'पास होणं' म्हणायच्या. यादी वर्षातून एकदाच, ईस्टरनंतर व्हायची. परदेशातले लोक ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपास करतात, त्यात वाचतं ते इकडे येतं, असं सिस्टरनी सांगितलं आणि मी बायांना समजावून दिलं. बनुबाई म्हातारी नातवाला काखेत धरून बसली होती. ती म्हणाली, "आमचा तर बारा म्हैनं उपास हाय. आमचं वाचल्यालं कुठं जातं गं, मास्तरीनबाई?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

मला पगार नव्हता. महिन्याला पावडरीचा एक डबा मिळायचा, माझ्या मनूसाठी. ती सव्वा वर्षाची होती, माझं दूध आटलेलं, आणि गावात दुभतं जनावर औषधालाही उरलं नव्हतं. एकाहत्तरचा पाऊस हात दाखवून गेला होता. डब्याची अट एकच, तो फक्त स्वतःच्या मुलाला वापरायचा. पलीकडच्या गावच्या कार्डवाल्या बाईनं नणंदेच्या पोराला त्यातलं पाजलं, ते मिशनला कळलं आणि त्या बाईचं काम गेलं. हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. सिस्टर हात धुवायला गेल्या की मी मनूला झोळीत घालून काटा बघायचे. दर महिन्याला. रेघेच्या वर असायची, पण बोटभरच. त्या बोटभर अंतराची मला रात्रंदिवस धास्ती.

मी बारीक बघणारी बाई आहे. झोळीत घालायच्या आधी बाया पोरांच्या पायांतले वाळे काढतात, कमरेचा करदोटा सोडतात, चावडीमागं नेऊन बसवून आणतात, हे मी पाहत होते. मला त्याची गंमत वाटायची. एकदा बनुबाईला म्हटलंही, "आजी, आता नखं तेवढी काढायची राहिली." ती म्हणाली, "काढते की. तुजी कात्री दे."

त्यातलीच एक बौद्धवाड्यातली चांगुणा. नवरा खडीच्या कामावर, पदरात दोन वर्षांची भागिरथी. भागी पहिल्यांदा आली तेव्हा मान धरत नव्हती. दहा महिन्यांत मिशनच्या दुधानं ती उभी राहिली, चालली, माझ्या मनूच्या हातातला खुळखुळा हिसकावून पळायला लागली. जानेवारीत रेघेच्या वर. फेब्रुवारीत वर. सिस्टर खूष. बहात्तरच्या मार्चमधलं वजन तिसरं होतं.

त्या दिवशी लाइन लांब होती. चांगुणा भागीला घेऊन माझ्याकडं आली. "बाई, हिरीवर नंबर लावलाय, जाऊन येते. हिला जरा बघा. आन काय खायाला-प्यायाला दिऊ नका हां. कालपास्नं हागवण लागलीया."

भागी माझ्या सतरंजीवर पडली. डोळे अर्धे मिटलेले, ओठांना पापुद्रे आलेले. मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली. हागवणीत पोरांचं पाणी तोडतात, हे आपल्याकडचं जुनं अडाणीपण. पाणी तोडलं तर पोर सुकून मरतं, हे मी पुस्तकात वाचलेलं. मला चांगुणाचा राग आला. शिकलेल्या माणसाला अडाण्याचा येतो तसला राग, त्यात स्वतःवर थोडी खुशीही असते.

घर चावडीला लागूनच. मी उठले आणि डब्यातलं दूध कालवून आणलं. मनूच्याच कपातून तिला पाजलं. आपण बौद्धवाड्यातल्या पोरीला आपल्या लेकीचा कप तोंडाला लावतोय, याचीही मनातल्या मनात नोंद झाली, खोटं कशाला बोलू. भागीनं दोन्ही हातांनी कप धरला तो सोडेना. एक कप झाला. दुसरा झाला. वर पेलाभर पाणी. तिचे डोळे उघडले, आणि ती माझ्याकडं बघून हसली.

तेवढ्यात सिस्टरनी हाक मारली, "भागिरथी कारभारी!"

मी तिला झोळीत घातलं. चांगुणा तेव्हाच हंडा घेऊन आली. तिनं भागीच्या वरच्या ओठावरची पांढरी रेघ पाहिली आणि हंडा खाली ठेवायचंच विसरली. काटा हलला, थांबला.

"नऊ किलो! शाब्बास गं भागिरथी!" सिस्टरनी टाळी वाजवली. "तिसऱ्यांदा वर. पास!"

त्या वयाला रेघ होती आठ किलो आठशेवर. दोन कप दूध आणि पेलाभर पाणी.

चांगुणा माझ्या कानाशी वाकली. "काय पाजलं, बाई?"

मी भागीचं कार्ड पुढं ओढलं.

"कालच्या दुपारपास्नं थेंब दिला नव्हता तिला," ती पुटपुटली. "रातभर रडली. मी बी रडले. हागवण न्हवती, बाई."

आता लिहिताना सोपं वाटतं. मी एवढंच म्हणायचं होतं, सिस्टर, मी हिला आत्ता दूध पाजलंय, पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. एका वाक्याचं काम. पण कुठलं दूध, असं सिस्टरनी विचारलं असतं. मनू येऊन माझ्या मांडीवर बसली होती, तिच्या तळहाताचा घाम माझ्या दंडाला लागत होता.

"बाई, लिहा ना," सिस्टर म्हणाल्या.

मी नऊ लिहिलं.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी पास झालेल्या पोरांचा समारंभ झाला. प्रत्येकाला परदेशातून आलेले कपडे आणि संस्थेचं नाव कोरलेला स्टीलचा पेला. भागीला निळा, लेस लावलेला फ्रॉक मिळाला, चार वर्षांच्या पोरीच्या मापाचा. तो घालून, पेला छातीशी धरून तिचा फोटो काढला. मिशनच्या फादरनी आयांना दोन शब्द बोलायला सांगितले. चांगुणा उठली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मिशननं माजी पोर चालती केली. लई उपकार झालं. आता आनि उपकार नगा करू." टाळ्या पडल्या. ती किती नम्र आहे, असं फादर सिस्टरना म्हणाले.

मग उन्हाळा आला आणि त्यानंतर पाऊस आलाच नाही. मृग कोरडा गेला, हस्तही गेला. रेशनवर तांबडा मिलो, परदेशातली ज्वारी, मिळायला लागला, त्याची भाकरीही थापता यायची नाही. चांगुणा रोज दुपारी, मनूच्या दुधाच्या वेळेला, आमच्या ओट्यावर येऊन बसायची. भागी मांडीवर, पेला भागीच्या हातात.

"ये ना आत," मी म्हणायचे.

"न्हाई बाई. काय मागाया न्हाई आले. सावलीला बसलेय."

तिनं एकदाही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, नाही म्हणायला तरी जागा मिळाली असती. पहिले दहा-बारा दिवस मी अर्धा कप भागीच्या पेल्यात ओतला. मग मनूला ताप आला, पुढच्या काट्याला ती दोनशे ग्रॅमनं उतरली. बोटभर अंतर उरलं नव्हतं. यजमान म्हणाले, "एका डब्यात गावाला पाजणार आहेस का? आणि कुणी मिशनला सांगितलं तर?"

दुसऱ्या दिवसापासून मी दुधाच्या वेळेला दार लावून घ्यायला लागले. उन्हाच्या झळा येतात, असं स्वतःला सांगितलं. आत मनू दूध प्यायची आणि बाहेर भागी पेला ओट्याच्या दगडावर आपटायची. टण. टण. मनू कप बाजूला करून म्हणायची, "भागी." मी म्हणायचे, "पी लवकर."

असे पंधरा दिवस गेले असतील. एका दुपारी टणटण आली नाही. दार उघडून बघितलं, ओटा रिकामा होता. चांगुणा नवऱ्याबरोबर सडकेच्या कामावर गेली, असं बनुबाईनं सांगितलं. "पोर कडंवर घिऊन गेली. चालंना झालीया." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पास झाल्याली पोर."

नाताळात संस्थेचं वार्षिक पुस्तक आलं. मुखपृष्ठावर निळ्या फ्रॉकातली भागी. खाली इंग्रजीत लिहिलेलं, आता हिला आपल्या मदतीची गरज उरली नाही. सिस्टर म्हणाल्या, "बायांना वाचून दाखवा, त्यांना हुरूप येईल." मी वाचून दाखवलं नाही. छपाई पुसट आहे, असं काहीतरी सांगितलं. सिस्टर त्या दिवशी फार दमलेल्या होत्या. बारा गावं होती त्यांच्याकडं, आणि वरून दर महिन्याला एकच पत्र, किती पोरं रेघेच्या वर गेली?

त्र्याहत्तरचा ईस्टर एप्रिलअखेरीस आला. त्यानंतरच्या आठवड्यात नवी यादी. लिंबाची पानंसुद्धा धुळीनं राखाडी झाली होती. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर तेच वार्षिक पुस्तक आणि पुस्तकावर दगड ठेवलेला. लाइनमधून चांगुणा पुढं आली. कडेवरच्या पोरीच्या अंगावर चिंधी नव्हती. करदोटा नव्हता. गळ्यातला काळा दोरासुद्धा काढलेला.

तिनं पोरीला झोळीत ठेवलं. झोळी जेमतेम ताणली.

"सात किलो सहाशे," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तीन वर्षांची? अरे देवा." त्यांनी भागीच्या गालावरून हात फिरवला. दगडाखालच्या फोटोपासून तो हात वीतभर अंतरावर होता. "नाव काय गं?"

"भागिरथी."

सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, ही आधी होती का यादीत? जुनी असेल तर घेता येणार नाही मला. नियम तुम्हाला माहीत आहे."

भागी पास झालेली लाइनमधल्या साऱ्याजणींना माहीत होती. बनुबाईनंसुद्धा मान दुसरीकडं वळवली. जुनी कार्डं माझ्याच पेटीत होती, सिस्टरनी मागितली असती तर दोन मिनिटांत निघाली असती. मनू ओट्यावर बसून भुईमुगाची टरफलं मोजत होती.

"नाही, सिस्टर," मी म्हणाले. "नवीन आहे."

"मग लिहा. आणि हिला आधी थोडं दूध द्या हो, बघवत नाही."

पातेल्यात मिशनचं दूध कालवलेलं होतं, या वेळी लपवायचं कारण नव्हतं. मी कप भरला आणि भागीच्या तोंडाशी नेला. वासासरशी तिची मान हलली, ओठ पुढं आले. तेवढ्यात चांगुणानं माझं डावं मनगट धरलं. खडी फोडून तिचा हात खरखरीत झाला होता, आणि पकड माझ्यापेक्षा घट्ट होती.

"या खेपंला कुनी काय पाजलं न्हाई तिला," ती एवढ्या हळू बोलली की मलाच ऐकू गेलं. "आधी लिवा, बाई. मग पाजा."

मी कप खाली ठेवला. नवीन कार्ड काढलं, नाव लिहिलं, वजन लिहिलं. भागी कपाकडं बघत होती. मी कार्डावर शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, सिस्टरची सही घेतली, कार्ड चांगुणाच्या हातात दिलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, पोलक्यात खोचलं आणि मग माझं मनगट सोडलं.