चार फूट पाणी आणि गार लोखंड

एल्स्पेथ स्लेटरचा नियम सोपा होता: घागरा नको आणि सुई नको.

पोर्टकॅरनच्या सिनेमा मंडळासाठी ती अकरा वर्षं सिनेमे निवडत होती. तिच्या मते स्कॉटलंडवरच्या सिनेमांच्या दोनच जाती होत्या. पहिलीत गडी किल्ट, म्हणजे तिच्या भाषेत घागरे, नेसून डोंगरावर तलवारी परजतात आणि मागे बॅगपाइप गळा काढतो. दुसरीत ग्लासगोच्या ओल्या जिन्यात बसून कोणीतरी दंडात नशेची सुई खुपसून घेतो. "आणि आपण?" ती विचारायची. "तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले मी. मी कुठल्या डोंगरावर आहे, का कुठल्या जिन्यात?"

तिसरी जात होती, पण ती शोधावी लागायची, आणि शोधण्यात एल्स्पेथचा हात धरणारं कोणी नव्हतं. कुठल्या तरी बेटावरच्या शिक्षिकेचा सिनेमा, कुणा रेल्वे सिग्नलवाल्याचा, इटालियन आइस्क्रीमवाल्याच्या चौथ्या पिढीचा. असे अठ्ठ्याऐंशी सिनेमे तिच्या निळ्या वहीत होते, प्रत्येकाखाली तिच्या हातच्या तीन ओळी. भेटेल त्याला ती सिनेमा सुचवायची. पोस्टमनला, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्याला, एकदा तर मयताच्या घरी चहा पिताना खुद्द विधवेला. आणि त्या विधवेने तो पाहिला, दोनदा पाहिला, हेही सांगायला हवं.

नवरा गेल्यावर आणि शाळेतली नोकरी संपल्यावर तिच्यापाशी राहिलं होतं ते हेच. ती वही आज जायची वेळ आली होती.

त्याचं असं झालं. वर्षाचे सगळे सिनेमे एल्स्पेथ निवडायची, फक्त तीस नोव्हेंबरचा, सेंट अँड्र्यू या स्कॉटलंडच्या संताच्या दिवसाचा सिनेमा अध्यक्ष निवडायचे. अध्यक्ष म्हणजे बंदरावरच्या हॉटेलचा मालक, अलिस्टर मेअर. त्या दिवशी त्याच्याकडे पाहुण्यांची बस यायची, पाहुण्यांना घागरा हवा असायचा, आणि अलिस्टर तो द्यायचा. यंदा बैठकीत एल्स्पेथचं डोकं फिरलं. "आपल्याच संताच्या दिवशी आपणच खोटे दिसायचं, याला काही लाज?" ती म्हणाली. अलिस्टरही तापला. मग ठरलं तर, म्हणाला, यंदा तू निवड. सिनेमा संपल्यावर लोक मताच्या चिठ्ठ्या देतात, त्यांची सरासरी तीनच्या वर गेली तर कायमचं तूच निवड. खाली आली तर वही माझ्याकडे, आणि वर्षभराची निवडही. आणि पाहुण्यांच्या चिठ्ठ्याही धरायच्या, तेही तिकीट काढूनच बसतात.

एल्स्पेथ भरात हो म्हणून बसली.

तीस नोव्हेंबरला, शनिवारी दुपारी दीड वाजता गावच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात तिची मैत्रीण जिनी काउई बिस्किटं ताटलीत मांडत होती. जिनीच्या हाताला काम नसलं तरी चालायचं, तोंडाला लागायचंच.

"किती आलेत बसमधून?" एल्स्पेथने विचारलं.

"तेहतीस. त्यातल्या दहा जणांनी डोक्यावर चौकड्याच्या टोप्या घातल्यात, लाल केस चिकटवलेल्या. तू मेलीस, एपी."

"माझा सिनेमा चांगला आहे."

"चांगला आहे म्हणूनच मेलीस."

तेवढ्यात अलिस्टर आत आला. अडुसष्टाव्या वर्षीही गडी ताठ. आज पूर्ण सरंजाम होता: किल्ट, लोकरी मोजे, कमरेला केसाळ पिशवी.

"काय गं एपी, वही आणलीस ना? धूळबीळ पुसून दे."

"अरे जा! गुडघे झाक आधी, म्हाताऱ्या. दूध नासेल."

"पाहुण्यांना आवडतात माझे गुडघे," अलिस्टर बिस्किट उचलत म्हणाला. "त्यांना पोर्टकॅरन बघायचंय. तू त्यांना काय दाखवणार? म्हातारा कोळी आणि पोहण्याचा तलाव!"

"तेच पोर्टकॅरन आहे, अलिस्टर."

"असल्या जुन्या कोळ्यांचं आता कोणाला काय पडलंय? आपल्यातलं तरी कोण मानतं आता ते सगळं? मी हॉटेलच्या पाटीवर चक्क लिहितो, भाजलेलं डु..."

"ए!" जिनी किंचाळली आणि तिचा हात चुलीच्या लोखंडी कडेवर आपटला. "गार लोखंड! स्वयंपाकघरात नाव काढतोस? माझा पोरगा डेव्ही समुद्रावर आहे!"

पोर्टकॅरनच्या कोळ्यांत त्या चार पायांच्या, आखूड शेपटीच्या जनावराचं नाव घेत नाहीत. तोंडातून गेलंच, तर ज्याच्या कानावर पडेल त्याने जवळच्या गार लोखंडाला हात लावायचा, नाहीतर होडी परत येत नाही. अलिस्टरच्या घराण्यात तीन पिढ्या होड्या होत्या, पण त्याने तरुणपणीच समुद्राकडे पाठ फिरवली आणि हॉटेल काढलं. पाहुण्यांना तो ही गोष्ट रस्सा वाढता वाढता गंमत म्हणून सांगायचा.

"बघ, बघ," तो हसत म्हणाला. "एकविसावं शतक आहे, जिनी."

दोन वाजता हॉलमधले दिवे मालवले. गावातले एक्केचाळीस आणि बसमधले तेहतीस जण लोखंडी पायांच्या घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. एल्स्पेथ नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसली, अलिस्टर तिच्या दोन रांगा पुढे. वही तिच्या मांडीवर होती.

सिनेमाचं नाव 'चार फूट पाणी'. सँडी नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याची होडी सरकारी योजनेत मोडीत निघते. किनाऱ्यावर यंत्राचा लोखंडी पंजा होडीचा घास घेतो, आणि हे सगळं एकाच दृश्यात, कॅमेरा न हलवता. बघणारे गडी खिशात हात घालून उभे. शेवटची फळी मोडल्यावर एक जण म्हणतो, "चला, चहा टाकू या." बस, एवढंच. एल्स्पेथने हे घरी तीनदा पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा तिला भडभडून आलं होतं. वहीत तिने लिहिलं होतं: इथे कोणी रडत नाही, कारण ही माणसं माहीत असलेल्या माणसाने हे काढलंय.

पाहुण्यांत चुळबूळ सुरू झाली. "तलवारी कधी येणार?" असं कोणीतरी कुजबुजलं.

तलवारी येणार नव्हत्या. होडी गेल्यावर सँडी शहरातल्या पोहण्याच्या तलावावर जातो, कारण पन्नास वर्षं समुद्रावर काढून त्याला पोहता येत नसतं. कोळ्यांच्यात शिकतच नाहीत ते. पोहायला शिकणं म्हणजे समुद्राला चिथावणं, अशी जुनी समजूत. तलावावर नझिया नावाची मुलगी शिकवायला असते, ग्लासगोत वाढलेली, तोंडाने फटकळ. सँडी अंगातला लोकरी स्वेटर काढतो, घडी करतो, मोजे बुटात खोचतो. चेहरा आणि मनगटापर्यंतचे हात रापून तांबडे, बाकीचं अंग पिठासारखं पांढरं. गावातली माणसं हे बघून हसली. आपापल्या घरातली अंगं ओळखल्याचं ते हसू होतं, आणि एल्स्पेथच्या जिवात जीव आला.

मग सँडीने पहिल्यांदा पाण्याखाली तोंड घातलं, आणि एल्स्पेथला एकदम आठवलं.

अलिस्टरचा बाप. अलिस्टर आणि ती एकाच वर्गात होते, दहा वर्षांचे. बापाचा पाय धक्क्यावरून निसटला होता. लाट नाही, वादळ नाही, बंदरातलंच शांत पाणी, भिंतीपासून वीस हातांवर. तो बुडताना काठावर सात पुरुष उभे होते आणि सातांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. गावात यावर कधी कोणी बोललं नाही. इतकं बोललं नाही की तीनदा सिनेमा पाहूनही तिच्या डोक्यात ते आलं नाही. 'काय केलंस हे, बाई,' ती मनात म्हणाली. 'वहीपायी त्याच्या बापाला पडद्यावर आणलंस.' पुढे अलिस्टरची मान हलत नव्हती.

पडद्यावर नझिया सँडीला दरडावत होती. "सकाळी काय खाऊन आलात? इतके जड कसे? डुकराचं सॉसेज चेपून आला असाल!"

सँडीचा हात विजेसारखा तलावाच्या लोखंडी शिडीवर गेला.

आणि हॉलमध्ये खडखडाट झाला. गावातली यच्चयावत माणसं वाकली होती. म्हातारे, बायका, बँकेतली मॅकेंझींची सून, सगळ्यांचे हात खुर्च्यांच्या गार पायांवर. ठरवून नव्हे, हात आपोआप गेले होते. बसमधले पाहुणे भांबावून खाली बघायला लागले, काय पडलं, काय सांडलं. पडद्यावरची नझिया हसत होती, "अहो, मी ते खात नाही, तुम्ही त्याचं नाव घेत नाही. जमेल आपलं!" आणि हॉलमध्ये असा हशा उसळला की पुढची दोन वाक्यं बुडाली.

एल्स्पेथ हसली नाही. ती पुढे बघत होती. अलिस्टर मेअर, किल्ट नेसून, केसाळ पिशवीसकट, कमरेत वाकलेला होता. सगळ्यांचे हात वर आले तरी त्याचा हात खुर्चीच्या पायावर तसाच होता. घट्ट धरलेला. सिनेमा संपेपर्यंत त्याने तो सोडला नाही.

शेवटी सँडी खोल पाण्यात वीस हात पोहून जातो आणि काठाला धरून धापा टाकतो. नझिया म्हणते, "बरं जमलं." संगीत नाही, मिठी नाही. दिवे लागले.

मत द्यायची पद्धत जुनी. चिठ्ठीच्या कडेला एक ते पाच आकडे छापलेले, आवडेल तेवढ्या आकड्याशी चिठ्ठी फाडायची आणि दाराजवळच्या डब्यात टाकायची. स्वयंपाकघरात जिनी मोजायला बसली. पाहुण्यांनी एक आणि दोनाशी फाडलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग एकीकडे. दुसरीकडे गावाच्या चिठ्ठ्या, आणि त्या जवळजवळ सगळ्या चारवर.

"एकही पाच नाही?" एल्स्पेथने विचारलं.

"पोर्टकॅरनमध्ये पाच? शेफारशील की तू. तू तरी कधी दिलेस कुणाला?"

तेही खरंच होतं. अकरा वर्षांत तिने स्वतः एकदाही दिले नव्हते.

"दोन पूर्णांक नऊ," जिनी हळू आवाजात म्हणाली. "मी दोनदा केलं, एपी."

अलिस्टर दारात उभा होता. त्याच्या हातात त्याची चिठ्ठी होती, अजून न फाडलेली.

"तुझी पाचावर फाडलीस तरी पुरत नाही," जिनी त्याच्यावर खेकसली. "तेही करून बघितलं मी. जिंकलास! नाच जा आता घागरा उडवत."

एल्स्पेथने वही टेबलावर ठेवली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं, कारण तिला दुसरंच काही सांगायचं होतं. "अलिस्टर, मला आठवायला हवं होतं रे. तुझ्या वडिलांचं. देवाशपथ, डोक्यात आलं नाही. चुकलं माझं."

अलिस्टर टेबलाशी आला. त्याने वही उघडली, पानं उलटली. तिच्या तीन-तीन ओळी वाचत तो बराच वेळ उभा राहिला. चहाच्या किटलीतलं पाणी उकळून गेलं.

"म्हणजे आता निवड माझी," तो म्हणाला.

"तुझी."

"पेन दे."

जिनीने पेन जवळजवळ फेकूनच दिलं. अलिस्टरने शेवटच्या लिहिलेल्या ओळीखाली मोठ्या, हॉटेलच्या पाटीवरच्याच अक्षरात लिहिलं: जानेवारी, 'चार फूट पाणी'.

"अरे, तोच?" एल्स्पेथ म्हणाली.

"तोच. जानेवारीत बस नसते. आणि होड्या वादळामुळे धक्क्याला असतात, जिनीचा डेव्ही आणि बाकीची पोरं घरी असतात. त्यांनी बघायला हवा." त्याने वही बंद करून तिच्याकडे सरकवली. "फेब्रुवारीपासूनचं तूच बघ. मला कुठे कळतं सिनेमातलं."

"आणि सेंट अँड्र्यूचा दिवस?"

"तोही. पाहुण्यांना मी हॉटेलात गुडघे दाखवीन."

जिनीने तोंड उघडलं आणि, गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच, न बोलता मिटलं. एल्स्पेथने वही दोन्ही हातांनी छातीशी धरली. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं.

अलिस्टर चिठ्ठी तशीच पिशवीत घालून निघाला. दारात थांबला, पण वळला नाही.

"एपी," तो म्हणाला, "तो शेजारच्या बकी गावातला पोहण्याचा तलाव. आपल्या वयाच्यांना कुठल्या वारी घेतात, माहितेय का गं?"

"मंगळवारी," एल्स्पेथ म्हणाली. "सकाळी दहाला. मी येते सोबत."

"तुला तरी येतं का पोहायला?"

"नाही."

"बरं," अलिस्टर म्हणाला, आणि जाता जाता त्याचा हात दाराच्या लोखंडी कडीला लागून गेला.