डोळ्यांच्या बदल्यात दिलेली म्हैस

मी म्हैस बोलतेय. तुम्ही माणसं आपली सुखदुःखं गोठ्याशी येऊन सांगता आणि मी रवंथ करत ऐकून घेते. आज माझं ऐका. माझ्यासारखी म्हैस तुम्हाला दुसरी भेटायची नाही. मला कुणी चोरलं नाही, हरवलं नाही, बाजारात नेलं नाही. तरीही दोन चांगल्या घरांनी मला हात जोडून नाकारलं.

महाडला गांधारी नदीच्या अंगाला भाताची एक गिरणी होती. तिच्या मागच्या गोठ्यात मी जन्मले आणि गिरणीतला कोंडा खाऊन वाढले. मालक महमूदशेठ. त्यांचा एक डोळा लहानपणीच देवीच्या रोगात गेलेला. दुसऱ्यात माझ्या जन्माच्या आधी भाताचं तूस गेलं. त्यांनी डोळा चोळला, तो चिघळला आणि बुबुळावर पांढरं फूल पडलं. उजेड आहे की अंधार, तेवढं कळायचं. एकदा त्यांची बाही इंजिनाच्या पट्ट्यात सापडता सापडता राहिली. तेव्हापासून त्यांच्या बीबीने, कमरजहाँबाईंनी, त्यांना गिरणीत पाऊल टाकायची बंदी केली. मग ते दिवसभर माझ्या गव्हाणीपाशी खाट टाकून बसायचे. मला सगळं ठाऊक आहे ते त्यामुळे.

मुंबईच्या डोळ्यांच्या डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं की मेलेल्या माणसाच्या डोळ्यावरची काचेसारखी पातळ चामडी काढून शिवली तर दिसू लागेल. तसा कायदाही नुकताच झाला होता. अडचण एवढीच, की डोळे द्यायला कुणी तयार नव्हतं. तुमच्या भागात कुणी देणारा असेल, तर त्याचे डोळे वारल्यावर लगेच काढून बर्फात घालून घेऊन या, असं तो म्हणाला. काढायचं काम महाडचे डॉक्टर करणार होते.

महमूदशेठ व्यापारी माणूस. त्यांनी बाजारात निरोप फिरवला, 'मेल्यावर डोळे देईन असं जो कबूल करेल, त्याला आमची दुभती म्हैस आजच मिळेल.' ती म्हैस म्हणजे मी. माझं पहिलंच वेत, पायाशी रेडकू.

महाडच्या डॉक्टरांना हे पटलं नाही. ते गोठ्यात येऊन म्हणाले, "शेठ, हे दान आहे. त्याला म्हैस बांधली की त्याचा बाजार होतो. ज्याला गरज आहे तोच येईल आणि गरजेपोटी हो म्हणेल."

"डॉक्टरसाहेब, मी उभ्या जन्मात कुणाचं पोतं फुकट उचललं नाही," शेठ म्हणाले. "डोळा फुकट कसा उचलू? आणि गरजूला म्हैस मिळाली तर बिघडलं कुठे?"

 डॉक्टरांनी माझ्या दुधाचा चहा घेतला आणि ते मान हलवत निघून गेले.

पुढे बाजाराच्या दिवशी माणसं येऊ लागली. एकजण सासूचे डोळे द्यायला तयार होता, सासूला मात्र त्याने विचारलं नव्हतं. एकाने विचारलं, एकच डोळा दिला तर अर्धी म्हैस मिळेल का, मागची अर्धी. एक धडधाकट तरुण आला. याच्या डोळ्यांसाठी फार थांबावं लागेल, हे त्यांना म्हणता येईना. त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग कुडपणहून कोंडाजी आला. पोलादपूरच्या वर डोंगरात त्याचं गाव. त्याची म्हैस पावसाळ्यात कड्यावरून घसरून मेली होती. सत्तरीचा, काटकुळा माणूस, आणि खोकला असा की गिरणीचं इंजिन मागे पडावं. शेठना त्याचा चेहरा दिसला नाही, पण खोकला ऐकू आला. मला वाटतं, सौदा खोकल्यानेच ठरला.

"जळायचेच हायत मेल्यावर," कोंडाजी म्हणाला. "म्हस मिळत असंल तर काय वाईट?"

आयुष्यभर कोंडा खाल्लेली मी अशी कोंडाजीच्या घरी गेले. गिरणीतला हमाल हैबती मला आणि रेडकाला घेऊन निघाला. पोलादपूरला मोटारस्टँडपाशी भागोजीचं चहाचं दुकान होतं, तिथे आम्ही मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी डोंगर चढलो. कोंडाजीच्या बायकोने, बयाबाईने, माझ्या पायावर पाणी घातलं, कपाळाला हळद लावली आणि नाव ठेवलं चंद्री. गिरणीत मला शहजादी म्हणायचे. मी दोन्ही हाकांना ओ देत असे.

खरी पंचाईत पुढे झाली. कोंडाजीचे डोळे आता शेठचे आहेत, असं सगळ्या कुडपणाने धरून टाकलं. तो बांधावरून चालला की कुणीतरी म्हणायचं, बघून चाल रे, शेठचा माल हाय. चुलीपुढे धुराने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की शेजारीण त्याला बाहेर काढायची. शेठनीही खालून डोळ्यांत घालायचं औषध पाठवलं, उन्हात लावायला काळा चष्मा पाठवला. काळा चष्मा लावून कोंडाजी नाचणीच्या शेतात उभा राहिला की पाखरं फिरकत नसत, तेवढा एक फायदा झाला.

दुसरी पंचाईत माझ्या दुधाची. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर दूध पोटात गेल्यावर कोंडाजीचा खोकला थांबला. गालांवर मांस चढलं. ज्याच्या मरणाची किंमत म्हणून मी आले होते, तो माझ्याच दुधावर ठणठणीत झाला.

हैबती मधूनमधून वर येऊन खुशाली विचारून जायचा. खाली काय घडत होतं ते तो दूध पिता पिता बयाबाईला सांगे. कोंडाजीची तब्येत झकास आहे असं त्याने सांगितलं की शेठ देवाचे आभार मानायचे आणि मग खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा कमरजहाँबाई त्यांना म्हणाल्या, तुम्ही त्या माणसाच्या मरणाची वाट बघताय. शेठना ते इतकं लागलं की त्या दिवशी ते जेवले नाहीत. आपण वाट बघत नाही हे दाखवायला त्यांनी माझ्यासाठी कोंड्याची पोती वर धाडली. मी जास्त दूध देऊ लागले आणि कोंडाजी आणखी ठणठणीत झाला.

तरीही मला परत नेलं ते कोंडाजीनेच. त्याचं असं झालं. करवंदीच्या जाळीत शिरताना त्याच्या पापणीत काटा गेला. डोळा वाचला. काटा लागला तेव्हा पहिला विचार आला तो शेठच्या नुकसानीचा, असं त्याने बयाबाईला सांगितलं. स्वतःच्या दुखण्याचा विचार मागाहून आला.

"माझ्याच तोंडावर मी राखणीला बसलोय," तो म्हणाला आणि मला सोडून डोंगर उतरू लागला.

महाडला त्याने मला गिरणीच्या दारात उभं केलं. "शेठ, म्हस घ्या. डोळे देणार, पर असेच देणार."

"असेच दिलेले उद्या नाही म्हणालास तर?" शेठनी विचारलं.

"तर नाय म्हणीन. देणाऱ्याला नाय म्हणता आलं पायजे. आता मला म्हणता येत नाय."

शेठनी हे ऐकलं, त्याला जेवू घातलं, आणि तो गेल्यावर हैबतीबरोबर मला परत वर धाडलं. म्हैस दिली की दिली, असं त्यांचं म्हणणं. कोंडाजीने मला पुन्हा खाली आणलं. शेठनी पुन्हा वर धाडलं. डोळे कुणाचे हा प्रश्न बाजूलाच राहिला. म्हैस न घेणारा मोठा, अशी जणू पैज लागली. माझे खूर झिजले. हैबती मला शिव्या देऊ लागला, जसं काही मीच हट्टाला पेटले होते. प्रत्येक खेपेला पोलादपूरला मुक्काम पडायचा आणि तिथलं दूध भागोजी काढायचा. त्याच्या चहाचं नाव पार महाबळेश्वरच्या मोटारवाल्यांपर्यंत गेलं ते तेव्हा.

शेवटच्या खेपेला बयाबाई बरोबर आली. तिला छातीत दुखत होतं, डॉक्टरला दाखवायचं होतं. कोंडाजी मला घेऊन पुढे आणि ती गावकऱ्यांनी उचललेल्या डोलीत. डॉक्टरांनी तपासलं आणि तिला महाडलाच ठेवा म्हणाले. कमरजहाँबाईंनी तिला आपल्याच पडवीत खाट दिली. मी समोरच बांधलेली.

दोघी दुपारी तांदूळ निवडत बसत. एकदा बयाबाई म्हणाली, "ह्या दोघांचं वरीस झालं डोळ्यांवरनं भांडान चाललंय. बाय, मला पण दोन डोळे हायत. माज्याकडं कुणी मागितलंच नाय."

कमरजहाँबाईंचे हात थांबले. "मागितले तर काय घ्याल?" त्यांनी विचारलं.

"आधी माग तरी."

कमरजहाँबाईंनी मागितले. फार हळू आवाजात मागितले आणि मागून झाल्यावर त्यांनी मान वर केली नाही.

"दिले गो," बयाबाई म्हणाली आणि पुन्हा तांदळातले खडे वेचू लागली.

त्याच दिवशी तिने ते डॉक्टरांना आणि कोंडाजीला सांगितलं. गावची माणसं भेटायला आली होती. त्यांनी भीती घातली की पुढच्या जन्मी आंधळी होशील. तेव्हा बघू, असं ती म्हणाली. तेव्हा बघू म्हणजे कशाने बघणार, हे कुणाला विचारायचं सुचलं नाही.

काही दिवसांनी पहाटे ती गेली. डॉक्टर आले. नवऱ्याला विचारल्याशिवाय ते हात लावणार नव्हते. कोंडाजी माझ्यापाशी येऊन माझ्या पाठीवर हात टाकून उभा होता. महमूदशेठ हैबतीच्या खांद्याला धरून तिथे आले. त्यांच्यासाठी जगातला सगळा उजेड त्या पडवीत होता.

ते म्हणाले, "कोंडाजी, नको म्हणालास तरी चालेल."

कोंडाजीने माझी पाठ चोळली. "ती हो म्हणाली हाय," तो म्हणाला. "मी मध्ये पडणारा कोण?"

मासळीच्या गाडीतला बर्फ मागून आणला, त्यात डोळे ठेवले आणि शेठना घेऊन मोटार मुंबईला गेली. इकडे कोंडाजीने बयाबाईला अग्नी दिला. एक डोळा शेठना बसवला. दुसरा कुणा अनोळखी माणसाला दिला, त्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलं नाही. कोंडाजी मात्र अजून म्हणतो, म्हातारी कधी कुडपणाच्या बाहेर राहिली नाय आन् आता मुंबईत काय काय बघत असंल.

शेठ परत आले, डोळ्याची पट्टी सुटली आणि ते गोठ्यात मला बघायला आले. "एवढी काळी?" म्हणाले. मला राग आला, पण त्यांच्या त्या डोळ्यात पाणी होतं म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर मात्र मला घरच उरलं नाही. कोंडाजी म्हणाला, मी म्हैस ठेवली तर बयाने डोळे विकले असं लोक म्हणतील. शेठ म्हणाले, डोळे फुकट घेऊन म्हैसही मीच ठेवली तर मला झोप लागायची नाही. डॉक्टरांना विचारलं, तर ते दारातूनच नको म्हणाले. शेवटी हैबती मला पोलादपूरपर्यंत घेऊन आला आणि तिथे टेकला. पुढेही नेईना, मागेही नेईना. भागोजीने विचारलं काय झालं. सगळं ऐकून तो म्हणाला, मला चालेल.

तेव्हापासून मी भागोजीच्या दुकानामागे आहे. माझी वेतं झाली, दात झिजले, दूध आटत चाललंय. बाजाराच्या दिवशी कोंडाजी डोंगर उतरून येतो, शेठ महाडहून येतात. एका बाकावर बसून चहा पितात आणि उठताना, तू नको, मी देतो, म्हणून भागोजीचं डोकं खातात.

एक गोष्ट मी पाहिली आहे, ती भागोजीला अजून दिसलेली नाही. चहा झाला की कोंडाजीला विडीची तलफ येते. बयाबाईला विडी अजिबात खपत नसे. तो विडी काढतो, शेठच्या तोंडाकडे बघतो आणि विडी मुठीत लपवतो. शेठ उठतात, बाकाला पाठ करून माझ्याकडे तोंड करतात आणि कोंडाजीची विडी ओढून होईपर्यंत मला खाजवत उभे राहतात.

बरं, तुमची मोटार सुटायची वेळ झाली. पुन्हा या वाटेने आलात तर चहा घ्या, दुधात पाणी असलं तरी बोलू नका. एवढी एकच विनंती, ही म्हैस कुणाची, असं त्या बाकावर बसलेल्यांना विचारू नका. नाहीतर या वयात मला पुन्हा घाट चढावा लागेल.