गूळ घालून खीर कर

मित्रांनो, माझ्या कळांवरची अक्षरं पुसली आहेत. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकली, त्यामुळे तार निघाली की मी जागीच विझतो. असा मी एक जुना लॅपटॉप. सांगण्यासारखं माझ्यात काही आहे का, याची मलाच शंका वाटते. पण आता गप्प राहवत नाही.

तुळजारामने मला पहिल्या नोकरीत, चेन्नईला घेतलं. दिवसा तो कंपन्यांचे क्लाउडवरचे सर्व्हर सांभाळायचा. उरलेल्या वेळात त्याने माझ्यावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. बाहेरून आलेलं सॉफ्टवेअर खरं आहे की मध्येच कुणी बदललं, हे तो ओळखायचा. त्याने तो फुकट दिला, आतलं लिखाणही सर्वांना उघडं ठेवलं. दूरदूरची छोटी इस्पितळं तो वापरू लागली. नव्या आवृत्तीवर ती खरी असल्याची सही करायची गुप्त किल्ली मात्र माझ्याच पोटात राहिली. परवलीचं वाक्य दहादा चुकलं तर ती पुसून टाक, असं त्यानेच मला बजावलं होतं.

बंगळुरूच्या एका संमेलनात टाळ्या पडल्या, माझ्या झाकणावर स्टिकर लागले. मग नवा लॅपटॉप आला. तुळजाराम तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत परतला आणि मी कपाटावर, नवरात्रात मांडायच्या कोलूच्या बाहुल्यांच्या पेटीशेजारी गेलो. चार वर्षं नवी आवृत्ती निघाली नाही.

मग एका सकाळी त्याने मला ओढून खाली काढलं. प्रोग्राममध्ये भोक सापडलं होतं आणि त्यातून चोर इस्पितळांत शिरत होते. दुरुस्ती तयार होती, पण माझ्या सहीशिवाय ती कुणी घेणार नव्हतं.

परवलीचं वाक्य चिठ्ठीवर होतं. त्याची आई वाढदिवसाला फोनवर म्हणायची तेच: गूळ घालून खीर कर. पण या घरात बोलतात मराठी आणि लिहितात तमिळ अक्षरांत. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर! माझ्यावर ते इंग्रजी अक्षरांत उमटलं होतं. कुठे एच होता, कुठे नव्हता? आठ वेळा चुकलं.

त्याची थोरली बहीण भुवनाअक्का कॉफी घेऊन आली. "किती राहिले रे?"

"दोन. फोनावर फोन येतायत, अक्का. आता पुण्याच्या लोकांसारखं अगदी शुद्ध लिहून बघतो."

त्याने एकेक एच जपून घातला. मी 'चूक' म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही, मित्रांनो.

"संपलं," तो म्हणाला आणि त्याने डोकं धरलं.

"जन्मात कधी 'घर' म्हणालास तू? 'गर' म्हणतोस! आई किती हसायची. आणि हेच तेवढं शुद्ध लिहिलं असशील, पंडित?"

"तेव्हा ते चूक आहे हेच ठाऊक नव्हतं गं."

"मग तसंच लिही."

एकही एच न घालता त्याने लिहिलं: गूळ गालून कीर कर.

किल्ली उघडली. सही झाली. तो माझ्या कळांवर डोकं टेकून रडला.

"उद्याच दुसरी किल्ली करून भरवशाच्या माणसाकडे देतो," तो अक्काला म्हणाला.

त्याला आता अकरा दिवस झाले, दुसरी किल्ली अजून झाली नाही. मी पुन्हा कपाटावर आहे. त्या सकाळी काम होताच त्याने तार काढून मला वर ठेवलं; त्याआधी माझी डिस्क मोडायला आल्यासारखी कुरकुरत होती. ते त्याला ऐकू आलं नाही. मित्रांनो, अनेकांच्या गरजेचं काही एकाच म्हाताऱ्याच्या पोटात ठेवू नका. आणि आमच्या गल्लीत आलात तर तुळजारामला हाक मारा. मला मारता येत नाही.