उलटा वारा आणि कोरं जहाज

"यावर तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमची काळजी वाटेल," कवळीमामा म्हणाले.

जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवून निवृत्त झालेले मामा आता वीतभर लांबीची जहाजं रंगवत. अशी छोटी जहाजं बनवणाऱ्या त्यांच्या मंडळाचा एकुलता एक एअरब्रश, म्हणजे रंग फवारायची पिचकारी, त्यांच्याच घरी असे, पण एका अटीवर: रोजच्या रोज धुवायचा, नाहीतर आत रंग सुकून तो तुंबतो. आणि आज, प्रदर्शनाला दोन तास उरले असताना, लालकाळं व्हायला हवं होतं ते मंडळाचं जहाज टेबलावर कोरं करकरीत उभं होतं. मंडळाच्या चिटणीसबाई एअरब्रशची रिकामी पेटी मांडीवर घेऊनच बसल्या होत्या. कारण पटलं नाही तर एअरब्रश त्या पेटीतून आजच जाणार, हे मामांना स्वच्छ दिसत होतं.

"धुतला नाहीत ना?" बाईंनी विचारलं.

"अहो, धुतला म्हणून तर हे रामायण. एअरब्रशच्या पेल्यात रंग पातळ करायचं थिनर ओतलं, टोकावर फडकं दाबलं, चाप ओढला. वारा उलटा फिरला, आत चिकटलेला रंग बुडबुड करत वर आला. लाल आला, काळा आला. मग निळा. निळा तर मी दोन वर्षांत वापरलेला नाही! मागे वळून बघतो तर जहाज पांढरंफटक."

"मग फडकं सोडायचं की," शेजारचे शिंपीकाका म्हणाले. तेही मंडळातलेच.

"बोट चिकटलं होतं. काका, तुम्ही तेव्हा खिडकीशी उभे होतात. मिशी मंगळवारी एकाएकी पांढरी कशी झाली तुमची?"

"कलप संपला होता," काका पुटपुटले.

"संपला नव्हता. पेल्यात होता. मग कॅलेंडरातले रविवार गेले, लाल म्हणून. या महिन्यात मला सुट्टीच नाही."

"निवृत्त माणसाला कसली सुट्टी?" बाई म्हणाल्या. "आणि एवढं सगळं त्या बोटभर पेल्यात मावलं?"

"पातळ केलं होतं."

चिटणीसबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी पेटी मांडीवरून खाली ठेवली. मामांच्या जिवात जीव आला. आता फक्त शेवटचा हात फिरवायचा.

"पण कर्तव्य ते कर्तव्य. जहाज गेलं तरी नेहमीसारखा एअरब्रश सुटा केला, सुई पुसली, नोझल घासलं, पुन्हा जोडला."

दारात कपड्यांच्या घड्या घालणारी मामी थांबली.

"मिशी गेली, रविवार गेले, तेवढं मी मानते," ती म्हणाली. "पण यांनी धुतला? अहो बाई, सहा वर्षं तो मी धुतेय. आणि गेले आठ दिवस मी बहिणीकडे होते."