तीनशे बारा ठोके

मेदान शहरात मोनांग नाइबाहोला लोक यंत्रवाला म्हणत आणि सुरुवातीला त्याला त्याचा अभिमानच वाटे. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याने स्टुडिओ थाटला होता. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. खाली हवा भरायचं मशीन दिवसभर धडधडायचं, त्यामुळे गाणं मुद्रित करायच्या आधी दुकानदाराला सांगून यावं लागे. तिथे बसून त्याने आमच्या बाटाक भाषेतल्या गाण्यांना सिंथेसायझरची साथ दिली. तिओदोर नावाची गायिका त्याला चर्चच्या गायकांत मागच्या रांगेत सापडली. आवाज जरा घोगरा, पण ऐकणाऱ्याला थांबवणारा. त्या दोघांची तिसरी कॅसेट अशी चालली, की तोबा सरोवराकडे जाणाऱ्या प्रत्येक बसमध्ये तीच वाजत असे.

गावाकडची माणसं मात्र ऐकून म्हणायची, "गाणं झकास आहे. ढोल तेवढा पत्र्याचा."

त्यांचं खरं होतं. मशीनमधले ढोल परदेशात भरलेले. आमचा ढोल म्हणजे तागानिंग. चौकटीला टांगलेले पाच सुरातले पाच ढोल, दोन काठ्यांनी वाजवायचे. त्याच्यावर नुसता ताल धरत नाहीत, गाणं वाजवतात. आणि ते वाजवावं मोनांगच्या बापानेच, असं बालिगेच्या आसपासच्या दहा गावांत मानलं जाई. लग्न असो, हाडं नव्या थडग्यात हलवायची असोत की म्हाताऱ्या माणसाला निरोप द्यायचा असो, आधी त्याची तारीख विचारत.

१९९८ साली मोनांगने बापाला मेदानला बोलावलं. म्हातारा ढोल घेऊन सात तासांचा प्रवास करून आला.

"कुणाकुणाला आणू म्हणून विचारत होतो, तर तू म्हणालास एकटेच या," तो जिना चढून धापा टाकत म्हणाला. "सारुनेची सनई कोण फुंकणार? घंटा कोण वाजवणार?"

"कुणी नको, आमांग. मला फक्त ठोके हवेत."

"ठोके म्हणजे?"

"एका वेळी एक. आधी हळू, मग जरा जोरात, मग आणखी जोरात. मग दुसरा ढोल."

बापाने त्याच्याकडे पाहिलं. "आणि वाजवायचं कधी?"

"मशीन वाजवेल. तुम्ही नुसते ठोके द्या."

चार दिवस म्हातारा ठोके देत बसला. एक ठोका, मग आवाज विरेपर्यंत स्तब्ध. पुन्हा एक ठोका. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"अरे, तू मला एकेक अक्षर बोलायला लावतोयस. बोबडं पोर बोलतं तसं."

"ही विद्या टिकावी म्हणून करतोय, आमांग. उद्या तुमच्यामागे कोण आहे?"

हे मात्र खरं होतं. मोनांग स्वतः ढोलाला कधी शिवला नव्हता. बापाने काठ्या उचलल्या. शेवटी मोनांगने मोजले तेव्हा तीनशे बारा ठोके झाले होते. ते त्याने सहा फ्लॉपींत भरले, बापाला अर्सिकचा मासा आणि भात खाऊ घातला आणि बसमध्ये बसवून दिलं.

पुढच्या वर्षी आलेल्या कॅसेटने त्याचं नाव झालं. आता पत्र्याचा ढोल कुणी म्हणेना. समारंभात कीबोर्ड वाजवणारे लांबून त्या फ्लॉपी मागायला येऊ लागले. मोनांग भोळ्या उदारपणाने देत गेला. त्याला वाटे, बापाचा हात घरोघरी पोचतोय.

तो पोचला खरा. यजमानाने सात वादकांचा ताफा बोलवायचा, त्यांना डुकराचा मानाचा वाटा द्यायचा, त्यांची झोपायची सोय करायची, त्यापेक्षा एक कीबोर्डवाला आणि एक बासरीवाला आला की काम भागे. पहिल्या वर्षी बापाच्या सुपाऱ्या निम्म्या झाल्या. चार वर्षांनी इस्टरपासून नाताळापर्यंत त्याला एकच बोलावणं आलं आणि तेही एका विधवेचं, जिच्या नवऱ्याने मरताना त्याचं नाव घेतलं होतं.

बापाबरोबर तीस वर्षं सारुने फुंकणारा जाइहोत सीतोरुस सरोवरातल्या माशांच्या पिंजऱ्यांत खाद्य टाकायच्या कामाला लागला. बाप त्याला लाए म्हणजे मेहुणा म्हणे, म्हणून मोनांगसाठी तो तुलांग, मामाच. एकदा गावच्या ताडीच्या दुकानात त्याने मोनांगला गाठलं. बापही शेजारीच बसला होता.

"या, यंत्रवाले. काल पलीकडच्या गावात तुझ्या बापाला ऐकलं. चांगलं वाजवत होता. बापाला मात्र पत्ताच नाही. हा घरी कांदे निवडत होता."

दुकानातले हसले. बापही जरासा हसला.

"तुलांग, मी मुद्दाम केलं का?" मोनांग म्हणाला.

"मुद्दाम केलं असतंस तर तुझ्याशी भांडलो असतो," जाइहोत म्हणाला. "आता काय करू?"

घरी जाताना मोनांगने बापाला विचारलं, "तुम्हाला राग आला नाही?"

"तू विचारलंस, मी दिलं," बाप म्हणाला. तागानिंग त्याने माळ्यावर चढवला. पुढे कातडी उंदरांनी खाल्ली.

२०११ साली बाप गेला. पणतवंडं पाहिलेला माणूस, सगळी मुलं मार्गी लागलेली. अशा मरणाला आमच्यात रडत नाहीत, नाचतात. मोनांगची बहीण रोनाउली शवपेटीजवळून उठून आली आणि म्हणाली, "इतो, भावा, बाकी काय हवं ते कर, पण आमांगला खऱ्या ढोलाने पोचवायचं. डब्याने नाही."

मोनांग दोन दिवस गाडी घेऊन फिरला. जुन्या ताफ्यातले तिघं वारले होते. एक बाताम बेटावर मुलीकडे राहायला गेला होता. घंटा वाजवणाऱ्याचा उजवा हात लुळा पडला होता. दुसरा कुणी तागानिंग वाजवणारा असेल म्हणून तो सामोसिरपर्यंत जाऊन आला. एकाने सांगितलं, "होता ना, बालिगेकडे. नाइबाहो म्हणून."

"ते माझे वडील," मोनांग म्हणाला आणि परतला.

एकटा जाइहोत आला, सारुने घेऊन. ढोलासाठी पोरसेआहून कीबोर्डवाला बोलवावा लागला. रोनाउली भावाशी बोलेनाशी झाली.

भर दुपारी अंगणात शवपेटीभोवती सगळं कुळ खांद्यावर उलोसची शाल टाकून उभं राहिलं. कीबोर्डवाल्याने बटण दाबलं आणि कर्ण्यांतून मेलेल्या माणसाचा हात वाजू लागला. मोनांगने पहिलाच ठोका ओळखला. तिसऱ्या ढोलावरचा, मधल्या जोराचा. माणसं हात जोडून, गुडघे लववत नाचू लागली. बापाच्या ठोक्यांवर त्यांनी बापालाच निरोप दिला.

जाइहोत थोडा वेळ फुंकत राहिला. मग त्याने एक सूर लांबवला, तीस वर्षं लांबवत आला होता तसा. ढोल थांबला नाही. त्याने पुन्हा एकदा लांबवून पाहिलं. ढोल पुढे निघून गेला. जाइहोतने सारुने तोंडातून काढली, फडक्यात गुंडाळली आणि बाजूला जाऊन बसला.

"तुलांग, फुंका ना," मोनांग त्याच्यापाशी जाऊन म्हणाला.

"तो माझी वाट बघायचा रे," जाइहोत म्हणाला. "हा बघत नाही."

दफन झाल्यावर मोनांगने कीबोर्डवाल्याला विचारलं, "हे ढोलाचे आवाज कुठून आणलेस?"

"हे होय? कीबोर्ड घेतला तेव्हाच आत होते. सगळ्यांकडे हेच असतात, अंकल."

"कुणाचे आहेत ठाऊक आहे?"

त्याने खांदे उडवले. मोनांगने सांगितलं नाही.

मेदानला परतल्यावर त्याने आपल्या सगळ्या यंत्रांतून ते ठोके पुसून टाकले. त्याने काही होणार नाही हे त्याला माहीत होतं. हजारो कीबोर्डांत ते तसेच होते. त्याच्या गाण्यांना पुन्हा पत्र्याचा ढोल आला आणि तिओदोरने तोंडावर विचारलं, "हे काय केलंस? लोक हसतील."

"हसू देत."

"तुला हसतील, मला का हसावं?" ती म्हणाली. पुढचं गाणं तिने दुसऱ्याकडे केलं. तिला दोष देता येत नव्हता. तोवर कॅसेट गेली होती, सीडीही संपत आली होती, आणि घरबसल्या फोनवर गाणी करणाऱ्यांना स्टुडिओची गरज उरली नव्हती. पन्नाशी उलटल्यावर त्याने नवे ढोल करवून घेतले आणि समारंभांत कुणी भरून ठेवलेल्या बापाच्या वादनाच्या जुन्या कॅसेटी ऐकून स्वतः शिकायला बसला. वर्षभर रोज सकाळी बसायचा. ठोका बरोबर पडे. एकामागून दुसरा टाकला की मधे काहीतरी हरवे, आणि काय हरवलं ते सांगणारं कुणी नव्हतं. जाइहोतला विचारावं म्हणून तो एकदा गेला, तर म्हाताऱ्याला आता नीट ऐकू येत नव्हतं. त्याने मोनांगला कॉफी पाजली, दोनदा नाव विचारलं आणि माशांबद्दल बोलत राहिला.

टायरवाल्याला जागा हवी होती. मोनांगने गाद्या काढल्या, यंत्रं भंगारात दिली आणि बांधकामाच्या सामानाच्या दुकानात नळ आणि पाइप विकायला लागला.

गेल्या जूनमध्ये रोनाउलीच्या धाकटीचं लग्न झालं. कीबोर्डवाला आयत्या वेळी आजारी पडला. वाद्य तेवढं आलं होतं. रोनाउली मंडपातून त्याच्याकडे आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपणहून.

"इतो, तू वाजवशील?"

"मी ते वाजवत नाही आता. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण सगळे उभे आहेत."

तो जाऊन बसला. दाबायचं बटण एकच होतं. ढोल सुरू झाला, नवरानवरी नाचली, पाहुणे नाचले, रोनाउलीही नाचली. लोकांना आनंद झाला. कुणाला काही कमी वाटलं नाही. तो बटणांवर हात ठेवून संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिला. मधे कुणीतरी भाताची थाळी आणून ठेवली, ती गार झाली.