चाकं ठोकणारा हातोडा घरी आला

मी एक जुना हातोडा आहे. लांब दांड्याचा, लहान डोक्याचा. मित्रांनो, खिळे मी कधी ठोकले नाहीत. रायपूरच्या रेल्वे यार्डात मी डब्यांची चाकं वाजवून पाहत असे. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तो फरक ओळखणारा कान धर्मपालचा होता. छत्तीस वर्षं त्याने मला उन्हातान्हात वागवलं. त्याने नकारार्थी मान हलवली की साहेबसुद्धा तो डबा गाडीतून काढायला लावत.

मग तो निवृत्त झाला. हार, शाल, समोसे, आणि आठवण म्हणून मी. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. उद्यापासून या माणसाने काय करायचं, हे एकानेही विचारलं नाही. त्या लोकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

पण धर्मपालवर त्याहून जास्त आहे. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला तो मला घेऊन उठला. फाटक ठोकलं, कूलर ठोकला, गॅसची टाकी ठोकली. जिकडेतिकडे खोट. सून पायल झाडते ते चुकीचं, भाजी चिरते ती चुकीची. ज्या अंजनाबाईने त्याच्या ड्यूटीच्या प्रत्येक पाळीचा जेवणाचा डबा बिनबोभाट भरला, त्या बायकोला हा ओट्यापाशी उभा राहून स्वयंपाक शिकवू लागला. अहो, जनाची नाही तर मनाची तरी!

परवा अंजनाबाईने तात्यापाऱ्याच्या बाजारातून माठ आणला, बोटाने वाजवून, पारखून. भरून ठेवला. हा आला आणि म्हणाला, "बद्द वाजून राहिला." आणि मला त्या माठावर हाणलं. पाण्याने भरलेला माठ बद्दच वाजणार, एवढं त्या हुशार कानाला कळलं नाही. स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालं.

"पापाजी, ये घर है, यार्ड नहीं," पायल म्हणाली.

अंजनाबाई ओरडली नाही. तिने पिशवी काढली, दोन लुगडी कोंबली. "मी भिलाईले चालली बहिणीकडे. तुम्ही ड्यूटीवर होते तं हे घर चालत नव्हतं काय?"

"चालत होतं," धर्मपाल म्हणाला. "म्हणूनच भेव लागते मले. सकाळी उठतो तं जाव कुठं समजत नाही. घरी राहता येत नाही मले, अंजना."

ती पिशवी धरून उभी राहिली. "घरी बसून तीन महिने झाले. हे पयले काहून नाही सांगितलं?"

तिने पिशवी खाली ठेवली, पण मोकळी केली नाही. माझ्याऐवजी त्याच्या हाती फडकं दिलं. "ओट्याखाली पाणी गेलं. पुसा."

तो गुडघ्यांवर बसला.

मित्रांनो, मला भंगारात टाकलंत तरी चालेल, मी लोखंड आहे. पण माणसाला हार घालून दारात सोडून देऊ नका, दुसऱ्या दिवशीही त्याची विचारपूस करा. आणि घरी बसलेल्या बाबांनो, भीती वाटते तर तोंडाने सांगा. बायकोचे माठ फोडू नका.