पेटी गेरूची होती

चैत्रालीनं आधी पेटी बांधली आणि मगच घोरपड आणली. लोक बहुतेक उलटंच करतात. हॅरिसबर्गजवळ सरपटणाऱ्या प्राण्यांचा बाजार भरतो, तिथे तिनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणघोरपडीची वीतभर पिल्लं, काळ्या अंगावर पिवळे ठिपके, बघता क्षणी जीव जडावा अशी. आणि घेणारे एका हातात पिल्लू, दुसऱ्या हातात माशांची काचेची टाकी घेऊन खुशीत घरी चाललेले. हे पिल्लू वाढून माणसाएवढं होईल, त्याला खोलीभर जागा आणि डुंबायला हौद लागेल, असं विकणारा सांगत होता. पण कोण ऐकतंय!

चैत्राली अमरावतीची, पेनसिल्वेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी कीटकशास्त्रात पीएचडी करत होती. देशात घोरपड पाळली तर थेट तुरुंग. इथे परवानगी होती, पण जागा नव्हती. मामेबहीण प्रीताबरोबर ती दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहायची आणि तिच्या वाट्याला बेडरूमची एक भिंत मोकळी होती. त्या भिंतीला मावेल अशी चार फुटी पेटी तिनं प्लायवूड आणि काच लावून स्वतः बांधली. खोदायला ढोपरभर माती भरली. एका टोकाला दिव्याखाली तापलेला दगड, दुसऱ्या टोकाला गारवा. विकणाऱ्यानं आधी सवाना घोरपड दाखवली. "तीही तीन-चार फूट होईल. या पेटीत तिला वळता यायचं नाही," असं म्हणून चैत्रालीनं ती परत केली. शेवटी निवडली ती ऑस्ट्रेलियातली बुटकी जात: शेपटीवर काटे, रंग विटकरी, कितीही वाढली तरी हातभरच. नर होता, म्हणून नाव ठेवलं गेरू. महिनाभरात तो तिच्या बोटांतून झुरळं खायला लागला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती लॅबमधल्या अळ्यांना पाला घालून दुपारी घरी आली, तर प्रीता दारातच उभी.

"ताई, प्लीज डोन्ट फ्रीक आउट."

"काय केलंस?"

प्रीता न्यूजर्सीत जन्मलेली. मनानं मऊ, रस्त्यावरचं मांजरही घरी आणणारी. तिच्या वर्गातला एक मुलगा घर सोडून चालला होता. त्यानं पाळलेली पाणघोरपड कपड्यांच्या कपाटात कोंडून ठेवली होती, आणि आता तिला रानात सोडून देतो म्हणत होता.

"इतक्या थंडीत मरून गेली असती गं ती. जस्ट फॉर टुडे. उद्या शेल्टरवाले येणारेत."

"कुठे ठेवलीस?"

"तिला ऊब हवी होती म्हणून..." प्रीतानं बेडरूमकडे पाहिलं. तेवढ्यात आतून काचेवर धाडकन काहीतरी आपटलं.

चैत्राली धावली. पेटीत ते धूड मावतच नव्हतं. शेपूट काचेवर दुमडली होती, एक पाय दिव्याच्या जाळीत अडकला होता. आणि जबड्यात गेरू होता. पाणघोरपड मान झटकून त्याला काचेवर आपटत होती, पुन्हा झटकत होती, पुन्हा आपटत होती. काचेवर रक्ताचे फराटे उठले होते. गेरूचा मागचा एक पाय अजून हलत होता.

चैत्रालीनं विचार केलाच नाही. झाकण उघडलं आणि हात घातला. गेरूला धरून ओढायला गेली, तशी पाणघोरपडीनं गेरूला टाकलं आणि तिचा हात पकडला. अंगठ्याच्या बुडाशी करवतीसारखे दात रुतले. शेपटीचा फटका काचेवर बसला, काच फुटली, माती आणि काचा गालिच्यावर सांडल्या आणि त्यांच्याबरोबर ते जनावर चैत्रालीच्या हाताला लोंबकळत बाहेर आलं.

तिच्या तोंडून किंकाळी फुटली. प्रीता स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली आणि दिसेल तिथे हाणायला लागली. प्रत्येक फटक्याला जबडा आणखी आवळत होता.

"मारू नकोस! मारलं की ती आवळते! थांब!"

प्रीता थांबली. दातओठ खात चैत्राली गालिच्यावर आडवी झाली. जनावराचे चारी पाय जमिनीला टेकतील असा हात तिनं खाली ठेवला आणि अंग सैल सोडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्या तोंडासमोर त्याचा पिवळा डोळा होता. नाकाचं टोक कपाटाच्या दारावर घासून घासून पार सोललेलं होतं, खालचं लाल मांस दिसत होतं. बराच वेळ कोणीच हललं नाही. मग जबडा उघडला आणि पाणघोरपड फुसफुसत पलंगाखाली सरकली.

चैत्राली उठली. गेरूकडे पाहिलं. तो संपला होता.

मग तिचं डोकंच फिरलं. ओट्यावरचा बिडाचा तवा तिनं डाव्या हातात घेतला, पलंग लाथेनं सरकवला आणि कोपऱ्यात चेपलेल्या त्या जनावरावर तवा घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा तवा उचलला, तोच प्रीता मध्ये पडली.

"इट डिडन्ट डू एनीथिंग! मी केलं! मला मार ना!"

चैत्रालीनं तवा टाकला आणि तिला मारलं. त्याच फाटलेल्या हातानं, सणसणीत, तोंडावर. प्रीताच्या गालावर तिच्या रक्ताचा पंजा उमटला. प्रीताही थांबली नाही. तिनं चैत्रालीचे केस धरून ओढले. दोघी काचांमध्ये कोसळल्या, एकमेकींना गुद्दे घालत, बोचकारत. एक जण मराठीत शिव्या देत होती, दुसरी इंग्रजीत. चैत्रालीचा गुडघा प्रीताच्या पोटात बसला आणि प्रीताचा श्वासच अडकला. तो घरघरता आवाज ऐकला तेव्हा कुठे चैत्राली भानावर आली. हाताकडे पाहिलं, तर अंगठा हलत नव्हता.

"प्रीता," ती म्हणाली, "मला चक्कर येतेय."

प्रीतानं टॉवेलनं हात आवळून बांधला, बेडरूमचं दार लावून घेतलं आणि लाल सिग्नलसुद्धा न बघता हॉस्पिटलपर्यंत ड्राइव्ह केलं. तिचा स्वतःचा ओठ फाटला होता. इमर्जन्सीतल्या नर्सनं दोघींकडे पाहून विचारलं, "हू डिड धिस?" प्रीता म्हणाली, "अ लिझर्ड. अँड देन अस."

अंगठ्याची शीर जोडायला ऑपरेशन करावं लागलं. शेल्टरची बाई दुसऱ्या दिवशी आली आणि तिनं पाणघोरपडीला पिंजऱ्यात घेतलं. पुढचा पाय मोडला होता. तो सांधेल, पण लंगडी राहील, असं ती म्हणाली. पाय कसा मोडला हे तिनं विचारलं, तेव्हा चैत्रालीनं खरं ते सांगितलं. बाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पिंजरा उचलला. ती नजर चैत्रालीला हाताच्या टाक्यांपेक्षा जास्त झोंबली.

प्रीताच्या आईचा, दीपामामीचा, जर्सी सिटीहून फोन आला, तेव्हा प्रीतानं सगळं स्वतःवर घेतलं. मामी बोलबोल बोलली. चैत्राली शेजारीच बसली होती. तिनं फोन मागितला नाही, प्रीताची बाजूही घेतली नाही.

गेरूला बिल्डिंगमागे पुरायचं होतं. जमीन थंडीनं दगड झाली होती. प्रीतानं शेजाऱ्यांकडून फावडं आणलं आणि हाताला फोड येईपर्यंत खणलं. चैत्राली गळ्यात हात बांधून उभी होती. गेरूला मातीत ठेवताना प्रीता हुंदके देत होती. चैत्रालीला मात्र रडू आलं नाही.

पुढचे काही आठवडे घरात गरजेपुरतंच बोलणं होतं. भात झालाय. लाँड्रीला जातेय. फुटलेली पेटी चैत्रालीनं जिन्याखाली नेऊन ठेवली.

मग एका सकाळी तिला प्रोफेसरांपुढे कामाचं प्रेझेंटेशन द्यायचं होतं. उजवा हात पट्ट्यांत, डाव्या हातानं केस आवरत नव्हते. आरशासमोर ती झगडत बसली, रबरबँड दोनदा खाली पडला. प्रीता दारात येऊन उभी राहिली. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं.

"वेणी येते का तुला?" चैत्रालीनं आरशातूनच विचारलं.

"आईची घालायचे, लहान असताना."

प्रीता मागे बसली. ज्या केसांना तिनं त्या दिवशी हिसके दिले होते, तेच ती आता हळू हळू विंचरत होती, एक केसही ओढला जाऊ नये अशी. तिच्या खालच्या ओठावर पांढरा वण राहिला होता. आरशात तो चैत्रालीला दिसत होता.

"दुखलं का खूप?" तिनं विचारलं.

"हो," प्रीता म्हणाली. "तुला?"

"हो."

प्रीतानं तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली.